‘करार म्हणजे करार’ : कायद्याच्या मराठीविषयी एक तक्रार

कायद्याची मराठी कोणालाच कळत नाही, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. परिसंवादात वक्ता एखादे जडजंबाळ संस्कृत पद हवेत भिरकावतो, सभागृह हसते, अध्यक्ष ‘सोप्या मराठी’चा आग्रह धरतात आणि चहा होतो. पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून टवाळी झाली त्याला सहा दशके उलटून गेली. विनोद मात्र तोच आहे. आम्हीही त्या हशात सामील होत आलो आहोत, हे आधीच कबूल केलेले बरे.

पुढे आमच्यापैकी दोघांवर विधी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाला मराठीचे तास घेण्याची वेळ आली, आणि हसू ओसरले. मराठी माध्यमातून बारावी झालेली ही मुले. त्यांच्या हाती बाजारातले एक ‘सोप्या भाषेतील’ मार्गदर्शक होते. त्यात १८७२च्या संविदा अधिनियमातील दुसऱ्या कलमाचे सार दिले होते, ते असे: कायद्याने अंमलात आणता येण्याजोगा करार म्हणजे करार. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग यात सांगितलं काय?’

तिला उत्तर देण्यासाठी आम्हांला आधी कायदा वाचावा लागला. मूळ कायद्यात दोन शब्द आहेत. दोन व्यक्तींनी परस्परांना प्रतिफलाच्या बदल्यात वचने दिली की होतो तो करार. त्या कराराच्या मागे न्यायालय उभे राहण्यास तयार असेल, तर तो संविदा. प्रत्येक संविदा करार असते, प्रत्येक करार संविदा नसतो. जुगारातील पैजही करारच. पण हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर जिंकणाऱ्याला दिवाणी न्यायालयाची पायरी चढता येत नाही. हे सारे सांगणारे वाक्य ‘सोप्या’ मराठीत ‘करार म्हणजे करार’ होऊन बसले, कारण कोणा सुबोधवाद्याला ‘संविदा’ हा शब्द जड वाटला. शब्द जड नव्हता. भेद जड होता. भेद पेलण्याऐवजी त्याने शब्द खाली टाकला, आणि त्यासोबत भेदही गेला.

आमचा वाद येथून सुरू होतो. ‘सोपी मराठी’ या घोषणेखाली कायद्याच्या भाषेतील भेद पुसण्याचे काम चालले आहे, आणि मराठीचे अध्यापक त्याला टाळ्या वाजवत आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

‘प्रतिफल’ घ्या. याऐवजी ‘मोबदला’ वापरा, असे सुचवले जाते. मोबदला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रोख रक्कम येते. भूसंपादनाने तो शब्द पक्का पैशाला बांधून टाकला आहे. कायद्याला मात्र एखादी गोष्ट करण्याचे वचन चालते, इतकेच नव्हे तर न करण्याचेही चालते. ‘न करण्याचा मोबदला’ हा प्रयोग मराठी कानाला लाचेसारखा लागतो. म्हणून प्रतिफल हवे.

किंवा ‘शून्य’ आणि ‘शून्यकरणीय’. दुसरा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, हे मान्य. पण मार्गदर्शकात या दोन्हींसाठी ‘रद्द’ असा एकच शब्द आहे आणि येथे प्रकरण जिभेच्या सोयीचे उरत नाही. अज्ञानाने, म्हणजे सज्ञान नसलेल्याने, केलेला करार शून्य असतो. १९०३ साली मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तसे ठरवून टाकले आणि तो मुलगा गहाणखतातून सुटला. तेथे रद्द करण्यासारखे काही नव्हतेच, कारण काही जन्मालाच आले नव्हते. उलट दमदाटीने किंवा फसवून सही घेतली असेल तर तो करार जिवंत असतो; तो मारायचा की राखायचा हे ज्याची फसवणूक झाली त्याने ठरवायचे. हाच भेद १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमात अकराव्या आणि बाराव्या कलमांत येतो. पहिली पत्नी हयात असून घटस्फोट झालेला नसताना केलेला दुसरा विवाह शून्य. फसवून संमती मिळवलेला विवाह शून्यकरणीय; न्यायालय तसा हुकूमनामा देईपर्यंत तो विवाहच आहे, त्या स्त्रीला पत्नीचे सारे हक्क आहेत. वकिलाकडे आलेल्या बाईला ‘तुमचं लग्न रद्दच आहे’ एवढेच सांगणारा तरुण तिचे काय करून ठेवील, याचा विचार आम्हांला अस्वस्थ करतो. तो तरुण आज आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला आहे.

आता उलट बाजूचाही हिशेब केला पाहिजे. परिभाषा घडवणाऱ्यांनी सारे काही शहाणपणाने केले, असे आम्ही म्हणत नाही. ‘सदोष मनुष्यवध’ हा शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्याला वध करताना काही तांत्रिक चूक राहून गेली असावी असे वाटते. सदोष यंत्र, सदोष मतदारयादी, तसा सदोष मनुष्यवध! रोजच्या मराठीत ‘दोष’ वस्तूला चिकटला आणि माणसाच्या वाट्याला ‘दोषी’, ‘निर्दोष’ एवढेच राहिले, याची कोशकारांनी दखल घ्यायला हवी होती. तरीही हा शब्द आता रुळला आहे आणि त्याला हाकलण्यात अर्थ नाही. तो शिकवला मात्र पाहिजे. आणि तो शिकवण्यास साहित्याच्या शिक्षकाइतका योग्य माणूस दुसरा नाही, असे आमचे मत होत चालले आहे. का, ते सांगतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीनशे दोनचे एकशे तीन झाले, चारशे वीसची जागा तीनशे अठराने घेतली. मराठीतल्या शिव्या तेवढ्या जुन्या क्रमांकांवरच राहिल्या. पण शंभराव्या कलमातला सदोष मनुष्यवध आणि एकशे एकव्या कलमातला खून यांच्यातला मूळ भेद तोच आहे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. मारणाऱ्याच्या मनात काय होते, किती पक्के होते, त्याला काय ठाऊक होते, आणि अपवादात बसेल असे काही घडले होते का, यावर सारे अवलंबून असते. ‘हत्या’, ‘खून’, ‘वध’, ‘बळी’ हे आपल्या वृत्तपत्रांना पर्यायी शब्द वाटतात, मथळ्यातील जागा पाहून निवडायचे. एखादा भीषण अपघात झाला की तीच वृत्तपत्रे चालकावर ‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा का नाही’ असे विचारतात. हयगयीने झालेला मृत्यू हा वेगळा गुन्हा आहे, एकशे सहाव्या कलमातला, आणि दोहोंमध्ये ‘असे केल्यास माणूस मरण्याचा संभव आहे’ हे ठाऊक असण्या-नसण्याचे अंतर आहे, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

नानावटी खटला सर्वांना ऐकून माहीत असतो. चित्रपटांनी तो पुरता रंगवला आहे. १९५९च्या एप्रिलमध्ये मुंबईत नौदलातील या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, उच्च न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरले आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. बचाव असा होता की गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे हे घडले, म्हणून हा खून नव्हे. ‘प्रक्षोभ’ हा शब्द आमच्या मुलांना माहीत होता. ‘आकस्मिक’ही माहीत होता. दोहोंमध्ये न्यायालयाला काय दिसले, हे त्यांना माहीत नव्हते. पत्नीने कबुली दिली. त्याने तिला आणि मुलांना चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या, आधी त्या माणसाच्या कचेरीत गेला, तेथे तो नाही म्हणून त्याच्या घरी गेला. घर सोडल्यापासून जवळजवळ तीन तास गेले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, एवढ्या वेळात मन ताब्यात येण्यास पुरेशी सवड होती.

हे तीन तास म्हणजे आम्हां साहित्यवाल्यांचे खास क्षेत्र. कादंबरीकार याच तीन तासांवर शंभर पाने लिहील. एरवी ‘आकस्मिक’ हे विशेषण आपण किती ढिलेपणाने वापरतो! येथे त्या एका विशेषणाच्या मापावर एका माणसाची जन्मठेप लटकत होती. आम्ही वर्गात या निकालाचे वाचन अगदी एखाद्या कथेसारखे केले: घटनाक्रम, काळ, पात्राचे मन, निवेदकाची भूमिका. मग विद्यार्थ्यांनीच प्रश्न विचारला की त्याचा हेतू काय होता. आणि येथे आणखी एक गाठ सुटली. कायद्याच्या मराठीत ‘उद्देश’ आणि ‘हेतू’ हे दोन शब्द आहेत. जिवे मारावे हा उद्देश. का मारावे, ते म्हणजे मत्सर, सूड, मालमत्ता, हा हेतू. उद्देश सिद्ध झाला तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. आम्ही समीक्षक आयुष्यभर हेतूच्या मागे धावलो. कायदा उद्देशापाशी थांबतो. रोजच्या मराठीत मात्र दोन्हींना ‘हेतू’च म्हणतात, आणि ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द तर खरे पाहता उद्देशाचाच आहे. तेव्हा घोटाळा आमच्याकडूनच सुरू होतो.

(जाता जाता: ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ ही समजूत शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की जन्मठेप म्हणजे उरलेले सारे नैसर्गिक आयुष्य. चौदा वर्षांचा आकडा आला तो पुढे १९७८च्या दुरुस्तीने, काही विशिष्ट गुन्ह्यांत त्याआधी सुटका होऊ नये म्हणून. निदान ‘जन्म’ या शब्दाकडे पाहून तरी आमच्या सहकाऱ्यांना शंका यायला हवी होती.)

सर्वांत मोठी हानी झाली आहे ती ‘आरोपी’ या शब्दाची. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी, इतका तो पारदर्शक शब्द. पण ‘आरोपींना फाशी द्या’ असे फलक आपण मोर्चांत पाहतो आणि फलकातील विसंगती मराठीच्या प्राध्यापकालाही खटकत नाही. आरोपी, दोषी, गुन्हेगार हे मराठीत आज समानार्थी शब्द झाले आहेत. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पुराव्याअभावी सुटला’. हा वाक्प्रचार उच्चारताना आवाज कसा खाली येतो, ते ऐकावे. ‘संशयाचा फायदा’ या प्रयोगातही ‘फायदा’ हा शब्द दगा देतो. जणू आरोपीने संशयाचा धंदा करून नफा कमावला. मुळात त्या तत्त्वाचा अर्थ असा की आरोप सिद्ध करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर आहे, आणि ते त्याला पेलले नाही तर समोरचा माणूस काल होता तसाच आजही निर्दोष आहे. दहा वर्षे कच्च्या कैदेत काढून घरी आलेल्या माणसाला गाव ‘पुराव्याअभावी सुटलेला’ म्हणून ओळखते, तेव्हा ती शिक्षा न्यायालयाने दिलेली नसते. ती भाषेने दिलेली असते.

तसाच ‘ताब्यात घेतले’. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या टिपणावर वेळ आणि तारीख हवी, साक्षीदाराची सही हवी, असे बजावले. म्हणजे ‘अटक’ हा घड्याळ लावलेला शब्द आहे. ‘ताब्यात घेतले’ याला घड्याळ नाही. माणूस शुक्रवारी ताब्यात असतो आणि रविवारी अटक होतो, मधले दोन दिवस व्याकरणात हरवतात. हा शब्द कोणी योजून आणला असे आम्ही म्हणत नाही, पण बातमीदार तो जसाच्या तसा छापतो आणि आम्ही तो जसाच्या तसा वाचतो, एवढे खरे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तीनशे अठ्ठेचाळीसाव्या अनुच्छेदात तशी तरतूदच आहे, मग मुलांना सरळ इंग्रजी परिभाषा शिकवा, मराठीचा हा खटाटोप कशाला? उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतात किती जण, हा आमचा प्रतिप्रश्न. फिर्याद मराठीत नोंदवली जाते, पंचनामा मराठीत होतो, तलाठ्याकडचा फेरफार मराठीत असतो, आणि १९९८च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषाही मराठी ठरली आहे. माणसाची कायद्याशी पहिली गाठ पडते ती याच पायऱ्यांवर, आणि बहुधा शेवटचीही.

दुसरा आक्षेप जास्त प्रतिष्ठित आहे: सामान्य माणसाला हे भेद झेपणार नाहीत. याचे उत्तर आम्हांला कुळकायद्यात सापडले. १९४८च्या कुळवहिवाट अधिनियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी, कायद्यात सांगितलेल्या अटींवर, कुळाने आपण कसत असलेली जमीन मालकाकडून विकत घेतली असे मानण्यात आले. त्या सकाळी कोणी खरेदीखत केले नव्हते, कोणी पैसे मोजले नव्हते. ‘मानण्यात आले’ एवढ्या एका क्रियापदाने मालकी बदलली. ही शुद्ध कायदेशीर कल्पितकथा होती, आणि ती कोकणातल्या नि देशावरच्या निरक्षर कुळांना अचूक समजली. त्यांच्या मालकांना तर त्याहून लवकर समजली. ‘कूळ’, ‘वहिवाट’, ‘खंड’, ‘पीकपाहणी’, ‘सातबारा’ यांतला एकही शब्द सोपा नाही. ‘कूळ’ तर एकाच वेळी वंशही आहे आणि खंडकरीही. पण कोणत्या रकान्यात नाव लागले म्हणजे काय होते, हे सांगायला त्या माणसाला कोणाच्या सुबोध आवृत्तीची गरज पडली नाही. ज्यावर पोट आहे ते माणूस शिकतो.

त्याच ‘मानणे’ धातूपासून पुढे ‘मानीव’ हा शब्द आला आणि आज शहरातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत तो ऐकू येतो. विकासक इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे करून देत नाही, तेव्हा २००८च्या दुरुस्तीमुळे ती ‘मानीव अभिहस्तांतरणा’ने मिळवता येते. अभिहस्तांतरण हा शब्द कोणाच्याही तोंडी बसणार नाही, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. लोक ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात ते योग्यच करतात. पण ‘मानीव’ पाहा. कोरीव, घोटीव, रेखीव यांच्या रांगेत तो मुकाट जाऊन बसला आहे. कोणा अनाम अनुवादकाने मराठीचा प्रत्यय मराठी धातूला लावला आणि कायद्यातली एक अवघड कल्पना तीन अक्षरांत उभी केली. या घडणीबद्दल मराठीच्या कोणत्या विभागात कधी चर्चासत्र झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

व्याकरणाचाही एक मुद्दा आहे. आपल्या अधिनियमांत ‘राज्य शासन समिती नेमील’ असे वाक्य येते आणि ‘राज्य शासनास समिती नेमता येईल’ असेही येते. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मुभा आहे. विद्यार्थी पहिले वाक्य भविष्यकाळ म्हणून वाचतो. नेमील, म्हणजे कधीतरी नेमील. संविधानात राज्य समानता ‘नाकारणार नाही’, हेही त्याला निवडणुकीतल्या आश्वासनासारखे वाटते. ‘-ईल’ या प्रत्ययात आज्ञेचे बळ कुठून येते, ‘नेमावी’ हा विध्यर्थ येथे का टाळला गेला, हे त्याला कायद्याचा प्राध्यापक सांगणार नाही. त्याच्या हाती दामल्यांचे व्याकरण नाही. ते आमच्या कपाटात आहे. १९११ सालापासून.

शुद्धतावाद्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. राज्यव्यवहारकोशाचा दाखला देऊन फारसी शब्द काढून टाकण्याचा उत्साह अधूनमधून उसळतो. शिवकालातील त्या उद्योगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण वकील, फिर्याद, जामीन, जप्ती, वारस, तहकूब, मुद्देमाल ही सारी मंडळी त्यानंतरही टिकून आहेत, आणि दिवाणी-फौजदारी हा कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकावा लागणारा भेद तर दिवाण आणि फौजदार या दोन अधिकाऱ्यांची नावे सांगतच उभा आहे. एकाकडे महसूल, दुसऱ्याकडे बंदोबस्त. हे शब्द काढले तर इतिहास जातो, आणि बदल्यात नेमकेपणा मिळतोच असे नाही. त्याचबरोबर ‘प्राङ्न्याय’ पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की तो कोशकाराने टेबलावर बसून बनवलेला शब्द नव्हे. प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार धर्मशास्त्राने सांगितले त्यांतला तो एक: या वादाचा निवाडा पूर्वीच झाला आहे, पुन्हा उकरून काढू नका. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला तो मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करता करता.

आमच्या विद्यापीठांतील ‘व्यावहारिक मराठी’ची प्रश्नपत्रिका आम्हीच काढतो, म्हणून पुढची तक्रार स्वतःविरुद्धच आहे. त्यात साबणाची जाहिरात लिहायला सांगतात, गणेशोत्सव मंडळाचे इतिवृत्त असते, निवेदन असते. फिर्याद नसते, पंचनामा नसतो, कायद्याचे एकही कलम नसते. एम.ए.ला आम्ही बखरींचे गद्य तन्मयतेने शिकवतो आणि त्याच काळातल्या महजरांकडे ढुंकून पाहत नाही. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसते, दोन्ही पक्ष करीना सांगतात, साक्षी होतात, निवाडा होतो, आणि खाली नांगर, तराजू अशा निशाण्या उमटतात. लिहिता न येणाऱ्यांनी आपण हजर होतो हे कागदावर सांगितलेले असते. इतिहासकारांनी हे कागद खंडच्या खंड छापून ठेवले आहेत. ‘पण हे साहित्य आहे का?’ असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. बखरीबद्दलही एके काळी हेच विचारले गेले असणार.

अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही लेखी प्रस्ताव देत आहोत: द्वितीय वर्षाच्या व्यावहारिक मराठीतून जाहिरातलेखनाचे घटक निम्मे करावेत आणि त्या जागी एक महजर, एक पंचनामा, न्याय संहितेतील शंभर व एकशे एक ही कलमे, आणि ‘करील’ व ‘करता येईल’ यांचा व्याकरणपाठ घ्यावा. विरोध होईल, कारण जाहिरातींवर तयार नोट्स उपलब्ध आहेत. प्रथम वर्षाच्या त्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकातले ते वाक्य पेन्सिलीने खोडून वर ‘संविदा’ लिहिले आहे. पुस्तक ग्रंथालयाचे असल्याने तिला दंड झाला. तो आम्ही भरला.